पोटखराब जमिनीचा फुलोरा

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराब’ अशी एक नोंद असते. खातेदाराच्या क्षेत्रापैकी जो भाग नांगराखाली येऊ शकत नाही, जो खडकाळ आहे किंवा ओढ्या-नाल्यात गेलेला आहे, तो तेथे दाखवला जातो. ब्रिटिश अमदानीतील जमीन मोजणी आणि आकारणीच्या पद्धतीतून हा शब्द आपल्या बोलण्यात पक्का रुजला. जी जमीन पिकत नाही ती महसूल देत नाही, आणि महसूल देत नाही ती खराब, असा तो सरळ हिशेब होता. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस या शब्दापाशी थांबावेसे वाटते. सह्याद्रीच्या माथ्यावरील ज्या कातळांवर दरवर्षी श्रावण-भाद्रपदात फुलांचे गालिचे पसरतात, ते कातळ नांगराच्या दृष्टीने पाहिले तर याच सदरात मोडतात.

आपल्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही शिक्षक मंडळी गेली काही वर्षे पावसाळ्याच्या उत्तरार्धात या वाटांनी चालत आलो आहोत. अनेक माजी विद्यार्थी आता आपल्या कुटुंबासह साताऱ्याजवळील कास पठारावर जातात आणि परतल्यावर सांगतात की, सर, फुले पुष्कळ दिसली, पण आपण नेमके काय पाहिले ते कळले नाही. त्यांच्यासाठी आणि ज्यांनी अद्याप तिकडे पाऊल टाकलेले नाही अशा पालकांसाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम दगडाविषयी सांगितले पाहिजे, कारण फुलांचे सारे कोडे दगडात आहे. सह्याद्री मूळचा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. या पाषाणाच्या माथ्यावर लक्षावधी वर्षे मुसळधार पाऊस आणि कडक ऊन यांचा मारा होत राहिला. पाण्याने दगडातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगे मागे राहून त्यांचे तांबूस, सच्छिद्र कवच तयार झाले. हाच आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज सरकारच्या सेवेतील वैद्याने मलबारात अंगाडीपुरम येथे लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले. कापताना मऊ असलेला हा दगड उघड्या हवेत कठीण होतो हे त्याने टिपले आणि १८०७ साली ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. दगड कापणाऱ्यांच्या भाषेत त्याला नाव होतेच. ग्रंथात मात्र बुकॅननचे नाव टिकले.

जांभ्याचा असा विस्तीर्ण, सपाट, झाडे नसलेला माथा म्हणजे सडा. कोकणात हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. घाटमाथ्यावर त्याला पठार म्हणतात. कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. येथे खडकावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे वितभर, तर कोठे अजिबात नाही. पावसाळ्याचे चार महिने ही माती पाण्याने थबथबलेली असते, कारण खालचा कातळ पाणी मुरू देत नाही. दिवाळी ओसरली की तीच माती कोरडी पडते आणि वैशाखात कातळ इतका तापतो की त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. पोषक क्षार पावसाने केव्हाच धुऊन नेलेले असतात. मोठ्या झाडास मुळे रोवण्यास जागा नाही, आणि रोवली तरी खावयास काही नाही. अशा ठिकाणी जे उगवते ते चार महिन्यांत जन्मून, फुलून, बी किंवा कंद मागे ठेवून नाहीसे होणारे असते. मोठ्यांची सावली नाही म्हणूनच या लहानांना ऊन मिळते. कास परिसरात सुमारे ८५० सपुष्प वनस्पतींची नोंद सांगितली जाते. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून घोषित झाली, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत.

उपाशी मातीवर जगण्याच्या तऱ्हा पाहाव्यात तर गुडघे टेकून बसावे लागते. उभ्याने केवळ जांभळा रंग दिसतो. बसल्यावर कळते की तो रंग बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा फुलांचा आहे. या वनस्पतीला लोक ‘सीतेची आसवे’ म्हणतात. नाव पुराणातील शोकाचे आहे. काम मात्र शिकाऱ्याचे. तिच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी एक झडप आणि झडपेवर केस. पाण्यातून पोहणारा सूक्ष्म जीव केसास लागला की झडप आत उघडते, पाण्याबरोबर जीवही आत ओढला जातो आणि झडप मिटते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी घडून जाते. जे अन्न, विशेषतः नायट्रोजन, माती देत नाही ते ही वनस्पती अशा रीतीने मिळवते. जवळच ‘दवबिंदू’ सापडते. तिच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकाशी चमकणारे थेंब दवाचे नसतात, चिकट द्रवाचे असतात. त्यावर बसलेला कीटक पुन्हा उडत नाही. आमच्या मुलांना पुस्तकातील ‘कीटकभक्षी वनस्पती’ हा धडा जेवढा लक्षात राहत नाही, तेवढी भिंगातून पाहिलेली ही एक पाती राहते.

याउलट कंदीलपुष्पाचा प्रकार. हे फूल लहानशा उभ्या कंदिलासारखे असते. त्याच्या नळीत आतून खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत शिरलेल्या माशीस बाहेर पडता येत नाही. मात्र येथे कोणी कोणास खात नाही. परागाची देवघेव झाली की केस सुकतात, फूल कलते आणि माशी मोकळी होते. कंदीलपुष्पांच्या काही जाती जगात केवळ सह्याद्रीतच आढळतात. त्यांचे कंद खाण्याजोगे असल्याने ते खणून काढले जातात, आणि एखाद्या कड्यावर दहा-वीस रोपे असतील तर दहा-वीस माणसे पुरे होतात. म्हणून एखादे कंदीलपुष्प कोठे पाहिले ते सर्वांना सांगत सुटू नये, असे आम्ही मुलांना बजावतो.

फुलांना आपापला पंधरवडा असतो. पहिल्या पावसानंतर लगेच पांढरी दीपकाडी उगवते. तेव्हा पठारावर माणूस नसतो. आषाढात आमरी, म्हणजे जमिनीवर वाढणारी ऑर्किडे, आणि हळदीच्या कुळातील चवरीचे पांढरे तुरे दिसतात. श्रावणात डबक्यांच्या काठी गेंदाची पांढरी बटणे. एकेक बटण म्हणजे एक फूल नव्हे, तो अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. साचलेल्या पाण्यातून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला वायतुरा वर येतो; त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचेच नाव गुंफलेले आहे. भाद्रपदात गुलाबी तेरडा, पिवळा कवला आणि शेवटी सोनकी. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण घरच्या तेरड्यावरून पडली. कासचा तेरडा त्याच प्रजातीतील वेगळ्या जातीचा असून पठारावर त्याचा रंग तीन आठवडे तरी टिकतो. अर्थात पाऊस पुढे-मागे झाला की हे वेळापत्रक सरकते, आणि वर्तमानपत्रात ‘कास बहरले’ असे छायाचित्र येते तेव्हा अर्धा बहर बहुधा उलटून गेलेला असतो.

कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून शहरातील मंडळी त्यास ‘मिकी माऊस’ म्हणतात. एके वर्षी आमचा गट तेथे थांबला असता जावळीकडील एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, असलीच पाला-भाजी आमची आई पावसाळ्यात खुडून आणते.” ती म्हणत होती तो कवळा. वनस्पतिशास्त्रानुसार कवला आणि कवळा एकाच प्रजातीतील आहेत. त्या दिवशी वर्गाची मार्गदर्शक ती मुलगी झाली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात शास्त्रीय नावासोबत अनेक ठिकाणी देशी नावे दिली आहेत. ही नावे गुराख्यांनी, धनगरांनी, गवत कापणाऱ्या बायांनी सांगितलेली असणार. त्यांची स्वतःची नावे शोधू गेल्यास सहसा हाती काही लागत नाही.

आपल्या समाजाच्या आजी-पणजी डोंगर चढल्या त्या गवताचा भारा आणि सरपणाची मोळी आणण्यासाठी. फुलाकडे पाहण्यासाठी म्हणून डोंगर चढणे ही सवड असलेल्यांची गोष्ट होती. वसतिगृहातील मुलगी हातात वही आणि गळ्यात भिंग अडकवून तोच डोंगर चढते, तेव्हा ती आपल्या पणजीच्याच पाऊलवाटेने चाललेली असते, फक्त डोक्यावर भारा नसतो. या सहलींचा खर्च कशासाठी, असे काही पालक विचारतात. त्यांना आम्ही एवढेच उत्तर देतो.

आता चालण्याविषयी. कासच्या फुलांची खरी नासाडी फुले तोडण्याने जेवढी होत नाही तेवढी पायांनी होते. बोटभर माती एकदा बुटाखाली दाबली गेली की तिच्यातील कंद आणि बिया पुढच्या वर्षी वर येत नाहीत. छायाचित्रासाठी एक माणूस गालिच्यात चार पावले शिरतो. त्याच्या मागे दुसरा त्याच पावलांवरून जातो, आणि महिन्याअखेर तेथे उघडी पायवाट दिसू लागते. या बाबतीत बौद्ध परंपरेत एक जुना दाखला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचा नियम कसा झाला ते सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. तेव्हा लोकांनी तक्रार केली की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवांस आणि लहान लहान प्राण्यांस इजा करतात. त्यावर तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याची अनुज्ञा दिली. नियमाचे कारण सामान्य लोकांच्या तक्रारीत आहे, याचे आम्हांस विशेष वाटते. शेतकऱ्याला आणि गुराख्याला कोवळ्या गवताची किंमत ठाऊक होती. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ म्हणजे नेमका या फुलोऱ्याचा काळ. आपण भिक्खू नाही, आपण जाणारच. तर मग आखलेल्या वाटेवरून जावे, बसायचे तर उघड्या कातळावर बसावे, आणि फुलाजवळ जाता येत नसेल तर दुर्बिणीतून पाहावे.

वर्षावासावरून कान्हेरीची आठवण होते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील या लेण्यांत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी साठवून भिक्खुसंघ तेथे राहत असे. लेण्यांभोवतीच्या उतारांवर कारवी वाढते. हे झुडूप सात वर्षे नुसते हिरवे राहते आणि आठव्या वर्षी सारे रान एकाच वेळी जांभळ्या फुलांनी भरून टाकते. पुढे बी धरते आणि मरते. उद्यानात २००८ आणि २०१६ या वर्षी असा फुलोरा आला होता. सर्वांनी एकदमच का फुलावे? दरवर्षी थोडे थोडे बी धरले असते तर उंदीर, किडे, पाखरे यांनी ते संपवले असते. एकाच हंगामात इतके बी पडते की खाणारे खाऊन दमतात आणि उरलेले रुजते. केरळातील बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी या कारवीचीच बहीण. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांचे कूड विणून, वर शेणमाती लिंपून डोंगरातील गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी केली. कासवर वाढणारी टोपली कारवी ठेंगणी, उपड्या टोपलीच्या आकाराची. तिचाही फुलोरा असाच वर्षांच्या खंडाने येतो. ज्या वर्षी ती फुलते त्या वर्षी शाळेने परीक्षेचे वेळापत्रक थोडे पुढे ढकलले तरी चालेल, असे आमचे मत आहे. मुख्याध्यापकांचे मत वेगळे आहे.

‘पोटखराब’ या शब्दाकडे पुन्हा येणे भाग आहे, कारण त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. कोकणातील सडे बहुतांशी खाजगी मालकीचे आहेत. तेथे जांभ्याच्या खाणी होतात, सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून आंब्याच्या बागा होतात. त्याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे, मानवाकृती कोरून ठेवल्या आहेत. रत्नागिरी-राजापूरकडील ही कातळशिल्पे अलीकडच्या काळातच जगापुढे आली. देशावरील माळरानांची गोष्ट निराळी नाही. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, त्यांत निळी विष्णुक्रांता आणि पिवळा तरवड, आणि त्यांच्या आधाराने काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक. अशा माळाला उजाड समजून तेथे ग्लिरिसिडियाची रांग लावली की सावलीने गवत मरते आणि गवताबरोबर त्याचे सारे कुटुंब जाते. जून-जुलैत शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. ते गावठाणात, रस्त्याकडेला, जेथे पूर्वी झाडे होती तेथे अवश्य व्हावे. गवताच्या माळावर आणि जांभ्याच्या सड्यावर होऊ नये.

येथे एक शंका आमच्या वाचकांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा त्यात तुरुंगात गेले. मग पडीक जमीन राखा असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणतो? सत्याग्रहाची मागणी कसता येणारी पण भूमिहीनांना नाकारलेली जमीन मिळावी ही होती. जांभ्याच्या कातळावर कोणाचे पोट भरत नाही, तेथे जमीन देणे म्हणजे फसवणूक ठरेल. माळरानाचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे आहेत त्यांना फुला-गवताचे निमित्त करून हुसकावणे आम्हांस मान्य नाही. निसर्गरक्षणाचा पहिला हप्ता नेहमी सर्वांत गरिबानेच का भरावा? गुरांच्या चराईबाबतही तेच. कासला कुंपण असावे की नसावे, हा वाद अनेक वर्षे चालू आहे. बेताची चराई थांबली तर उंच गवत वाढून लहान फुलांना झाकून टाकते, असे जाणकारांचे म्हणणे आहे. गुराखी तेथे हजार वर्षे होता आणि फुलेही होती, एवढे तरी दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. कासला जाण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी, प्रवेशशुल्क असते आणि गर्दीवर मर्यादा घालतात. शनिवार-रविवार टाळावेत. सकाळी लवकर पोहोचावे, पण ऊन पडेपर्यंत धीर धरावा. पुष्कळ फुले उन्हातच उघडतात. महाबळेश्वरच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने पायी गेल्यास कुमुदिनीचे तळे लागते. पाकळ्यांच्या कडांना झालर असलेली ती पांढरी फुले पाहण्यासाठी चालण्याचा कंटाळा करू नये. शेवाळलेला जांभा फार घसरडा असतो, म्हणून खाच असलेल्या तळव्याचे बूट घालावेत. विजा चमकू लागल्या तर उघड्या पठारावर छत्री धरून उभे राहू नये, मुकाट्याने गाडीत यावे. प्लॅस्टिकचे कागद खिशात परत आणावेत. कासला गर्दी असेल तर चाळकेवाडीचे पठार किंवा पाचगणीचे टेबललँड आहे, नगरकडच्या मंडळींना भंडारदरा-रतनगडाचे सोनकीने पिवळे झालेले उतार जवळ आहेत.

यंदाची शाळेची सहल सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी निघेल. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सोबत यावयाचे असेल त्यांनी कार्यालयात आधी कळवावे, डबा घरून आणावा, आणि शक्य असल्यास एक भिंग जास्तीचे आणावे. चाळीस मुलांत आमच्याकडे नऊच आहेत.